काजलच्या पातीवर

बास्केटबॉल म्हंजे काय असते हे मले लग्नाआधी ठाऊक नव्हतं. लग्न झाल्यावर कळलं ते असं, का पोट्ट्या तिकडं खळ्यावर बॉल आपटतात अन् आपन इकडं त्याइच्या वावरात वाकून निंदन करतो. हसू नका. आमच्या घरी हे असंच हाय.

माहे मालक गोकुळ, गावच्या कॉलेजात खेळाचे सर. सारं गाव सर म्हनते, पन कायम नाईत, तासावर हायेत. त्याइनंच पोरींची टीम उभी केली. कॉलेजले धड ग्राउंड नाई, म्हनून आमच्या घरामागचं खळं घेतलं. जिथं आमी सोयाबीनचा ढीग घालो तिथं दोन ट्रॉल्या मुरूम टाकला, पिंपळगाव राजाच्या वेल्डिंगवाल्याकून लोखंडी कडं करून आनलं, अन् जुन्या दाराची फळी खांबाले ठोकली. झालं ग्राउंड. तवापासून आमची सोयाबीन अंगनात पडते.

पयले पयले पोरींच्या माया पाठवेत ना. पोट्टी खेळाले गेली तं निंदाले कोन, असं म्हनत. बरोबर होतं त्याइचं. मंग एक दिवस माहे सासरे उकंडराव पारावर बसले होते, चार लोकं पाहून त्याइले जोर आला, अन् बोलून बसले, "पोट्टी आमच्याकडं खेळाले धाडा. त्या दिवशी तिच्या पातीवर आमच्या घरचं मानूस येईन. सावड समजा!" आता सावड आमच्याकडं पयलेपासून हाय. आज तू माह्या वावरात ये, उद्या मी तुह्या वावरात येतो, पैशाची भानगड नाई. पन बॉलच्या बदल्यात निंदनाची सावड कोनी ऐकली होती का कधी? मामाजीनं जबान देली अन् स्वतः गुडघे धरून घरी बसले. पातीवर, निंदाच्या आपल्या वाट्याच्या ओळीवर, आल्या मी अन् मामी, म्हंजे माही सासू शालूबाई.

टीम जिंकली, लागोपाठ जिंकली. पेपरात फोटो आला, कॉलेजच्या अध्यक्षसाहेबानं हार घातला. अन् जिंकली म्हनूनच मोठ्या कॉलेजवाल्याइची नजर पडली. मांगच्या साली डिंपल अन् राखी, दोघी चांगल्या खेळनाऱ्या, अमरावतीकडं उचलून नेल्या. हॉस्टेल फुकट, बूट फुकट, दूध-अंडे फुकट. पाया पडाले आल्या तवा आमच्या घरी मी त्याइले पोहे खाऊ घातले, अन् गेल्यावर भांडे आपटले. पुन्हा नव्या पोट्ट्या गोळा करा, पुन्हा त्याइच्या माया, पुन्हा त्याइचे वावरं. अध्यक्षसाहेब दर साली एकच म्हनतात, "सर, यंदाबी कप आना, तुमचं कायमचं करून टाकू." या वक्ती मात्र त्याइनं चार लोकाइसमोर म्हनलं, म्हनून आमाले वाटलं, यंदा करतीन. माह्या तं मनात एकच होतं. यंदा कप आला, हे कायम झाले, का मी दुसऱ्याच्या वावरात पाय टाकनार नाई. आपलं निंदीन, आपलं येचीन, अन् दुपारी आपल्या बाजीवर आंग टाकीन. लई मोठं मांगनं नव्हतं माहं.

अन् यंदा टीममंदी खेळाच्या लायकीची एकच पोट्टी राह्यली होती. सोजराबाईची काजल.

श्रावनात यंदा झड लागली. पानी उघडलं तवा साऱ्याच वावरात गवत एकदम उठलं, अन् रोजानं बाया मिळेनात. धामनगाव बढ्याकडच्या बाया गाडी भरून येत, त्या मोठ्या वावरवाल्यानं पयलेच धरून ठेवल्या. सोजराबाईचा नवरा खामगावले जिनिंगवर, रविवारी घरी येते. दीड-दोन एकर कपाशीची पऱ्हाटी, बाजूले वांगे-मिरच्या, अन् करनारी ती एकटी. काजल खेळाले, म्हनून काजलच्या पातीवर आमी.

ओल्या वावरात दिवसभर बसून माह्या पायाच्या बोटाइत चिखल्या झाल्या होत्या. राती मेंदी लावो, सकाळी पुन्हा चिखल. मामीची तं कंबरच धरली होती. बसली का उठता येईना, उठली का बसता येईना. एक हात जमिनीवर टेकवून ती पुढं सरके, दुसऱ्या हातानं खुरपं चालवे.

सोजराबाई मांगून येई अन् आमचं काम पाही. "सुचिता, मुळासकट काढ वं. वरचं वरचं कापलं तं आठ दिवसात पुन्हा हाय तसं. काजल असं नाई करत."

मी म्हनलं, "काजलच्या हाताले सवय हाय, मावशी."

"तुह्या सासूनं काल मिरचीचं झाड उपटलं."

मामीनं ऐकलं पन मान वर केली नाई. आमच्या घरी सात एकर हाय, हे मी तुमाले सांगून ठेवतो. अन् दीड एकरवालीचं ऐकून घ्या लागते! मी गवत उपटलं ते जरा जोरातच उपटलं.

दुपारी भाकर खातानी सोजराबाईनं खबर सांगतली. "काल गाडी घेऊन आले होते दोघं जनं. अमरावतीचे. काजलले मांगतात. या हप्त्यात नाव टाका लागते म्हने, नाई तं यंदा होत नाई."

मामीचा घास तोंडातच राह्यला. "मंग? तू काय म्हनली?"

"काय म्हनू? पोट्टी तं उड्या मारून राह्यली." सोजराबाईनं चटनी बोटानं सारखी केली. "पन पाह्य शालूबाई, काजल गेली का पोट्टी बी गेली अन् तुमची सावड बी गेली. तुमी काय मंग माह्याकडं येता? मी एकटी या वावरात काय करू, सांग."

मामीनं तांब्या उचलला. पानी प्याली अन् उठली, अन् त्या दिवशी उठतानी तिनं कंबर बी धरली नाई.

घरी आल्यावर तिनं मले चुलीपाशी बोलावलं. मामाजी अन् हे दोघंबी अंगनातच होते. "आपला शिवम हाय ना," ती म्हने. शिवम म्हंजे माहा देर, याइचा लहान भाऊ. ट्रॅक्टर चालवते, वाईट काईच नाई पोट्ट्यात, तंबाखू सोडली तं. "सोजराची काजल करू त्याच्यासाठी. जातीची हाय, गावातली हाय, हुंडा नको काई नको. लग्न शिक्षन झाल्यावर. पन कुंकू आता लावून ठेवू. कुंकू लागलेल्या पोट्टीले हॉस्टेलात कोन धाडते?"

मामाजीनं मांडीवर थाप मारली. "वा! याले म्हनतात डोकं! पोट्टी बी घरची, कप बी घरचा."

हे बादलीपाशी हात धूत होते. लई येळ धूत राह्यले. मी म्हनलं, "अवो, ऐकलं का तुमी?" तं म्हने, "ऐकलं." बस, एवढंच.

खोटं काऊन बोलू, मलेबी बरं वाटलं. मनात म्हनलं, चाला, सासूच्या डोक्यातून कामाची गोष्ट निघाली एकडाव. काजल राह्यते, कप येते, हे कायम होतात. अन् उद्या काजल जाऊ म्हनून घरात आली तं सैपाकाले बी हात होते. मीच खोबऱ्याची वाटी काढून देली, साडी बी माह्याच पेटीतली, घडी न मोडलेली.

सोजराबाई लगेच तयार झाली, नवऱ्याले फोनवरच सांगून टाकलं. न व्हाले काय झालं? पोट्टी गावातच राह्यते, लग्न होईस्तोवर सावड चालते, अन् लग्न झाल्यावर जवाई ट्रॅक्टरवाला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आमी पाच-सात बाया तिच्या घरी गेलो. काजल खळ्यावरून आली ते घामानं निथळत. तिले काई सांगतलंच नव्हतं मायनं. नुसतं म्हने, "हात-पाय धू, अन् साडी नेस." पोट्टीनं खेळाच्या पँटवरूनच साडी गुंडाळली. उंची अशी, का साडी घोट्याच्या वरच राह्यली अन् खालून निळी पँट दिसे. बाया तोंडाले पदर लावून हसल्या. मीबी हसली.

मामीनं कुंकू लावलं, ओटी भरली, साखर तोंडात घातली. काजल साखर चावत नव्हती. तशीच गालात धरून बसली होती. शिवम दारापाशी उभा राहून मोबाईल पाहत होता, कान लाल झालते त्याचे. हे आलेच नाईत. कॉलेजात मीटिंग हाय म्हने. संध्याकाळची कायची मीटिंग, पन मी इचारलं नाई.

दुसऱ्या दिवशी मी काजलच्या पातीवर बसली होती. मामी त्या दिवशी उठलीच नाई, कंबर शेकत घरी पडली होती. ऊन चढून राह्यलं होतं, अन् माह्या बाजूच्या पातीवर कोनीतरी येऊन बसलं. पाह्यलं तं काजल. खुरपं घेऊन.

मी म्हनलं, "अवं, तू इथं काऊन? सर वाट पाहून राह्यले असतीन."

"पाहू द्या."

तिचा हात काय सपसप चाले! सोजराबाई खोटं नव्हती सांगत. माही पात अर्धी झाली तं ती वावराच्या कडेच्या धुऱ्यापाशी पोचली, तिथून वापस आली अन् माह्याच पातीत समोरून लागली.

"उठा वहिनी," ती म्हने. "माही पात हाय. आता मीच करतो."

"रागावली का माह्यावर?"

तिनं खुरपं जमिनीत खुपसलं. "तुमी माह्या बदली निंदता. बरं. पन माहं लग्न बी तुमीच ठरवलं? मले इचारलं असतं तं काय झालं असतं?"

"आमाले कोनं इचारलं होतं, बाई? शिवमभाऊ वाईट नाई."

"मी कुठी म्हनलं वाईट हाय? मी त्याच्याबद्दल बोलूनच नाई राह्यली." तिच्या डोळ्यात पानी आलं, ते तिनं मातीच्या हातानं पुसलं, तं गालावर चिखल लागला. "सर म्हने, जाय. सर म्हने, माघारी पाहू नको. अन् सराच्याच मायनं मले कुंकू लावलं. मंग मी कोनाचं ऐकू?"

"सर म्हने?"

"सरांनीच नंबर देला त्याइले. सरांनीच बोलावलं पाहाले. तुमाले नाई सांगतलं?"

मी खुरपं तिथंच टाकलं अन् घरी आली. चप्पल बी वावरातच राह्यली.

हे खळ्यावर होते. खांबाले शिडी लावून कड्याची जाळी सुतळीनं बांधून राह्यले होते. बाकीच्या पोट्ट्या अजून आल्या नव्हत्या. मी खालूनच सुरू झाली, "उतरा खाली!"

"काय झालं?"

"तुमी फोन केला अमरावतीले? तुमी? मी चिखलात पाय सडवून राह्यली, तुमच्या मायची कंबर गेली, त्या सोजराबाईचे टोमने आमी खाऊन राह्यलो, अन् तुमी पोट्ट्या वाटून राह्यले? डिंपल-राखी बी तुमीच धाडल्या का?"

ते उतरले नाईत. शिडीवरूनच म्हने, "हाव."

मले वाटलं शिडीच हालवून टाकावं. खरंच वाटलं.

"काऊन पन?"

"या खळ्यावर काजलचं शिकून झालं, सुचिता. मले येते तेवढं तिनं घेतलं. आता इथं ठेवून मी तिले नुसतं अडवून ठेवू शकतो, शिकवू नाई शकत. मले कोनी धाडलं नाई. मी या वयात हे सुतळी बांधून राह्यलो."

"अन् तुमचं कायम? अन् माहं?"

ते गाठ मारत राह्यले. "अध्यक्ष करत नाई, कप आनला तरी करत नाई. मले ठाऊक हाय."

"मंग हे मामीले सांगा ना! सांगा, का कुंकू वापस घे."

"मायले कसं सांगू? माह्यापाई ती दुसऱ्याच्या वावरात रांगली. तिले सांगू का मीच पोट्ट्या काढून देतो?" त्याइनं सुतळी कचकन ओढली. "नाई होत माह्याच्यानं."

"मले सांगाले होते, तिले सांगाले नाई होत. माह्या पायाच्या चिखल्या फुकटच्या हायेत ना!"

बाकीच्या पोट्ट्या आल्या तवा आमचं बोलनं बंद झालं. मी अंगनात गेली, गोवऱ्या उचलून ठेवल्या, पुन्हा तिथंच आनून ठेवल्या. डोकं चालत नव्हतं. मानूस दारू पेते तं बाईले कळते कोनाशी भांडाचं. हे असं कोनाशी भांडू? वाईट काम केलं म्हनावं तं वाईट बी नाई, अन् चांगलं म्हनावं तं माही जिंदगी त्याच्यात चालली.

काजल आली दिवस कलता कलता. कोनाशी बोलली नाई. बॉल घेतला. मी वाळलेले कपडे काढून राह्यली होती, तिथून खळं दिसते. एवढे साल झाले, मी कधी उभं राहून पाह्यलं नव्हतं. वावरातून यावं, चूल पेटवावी, मांगून बॉलचा आवाज यावा, बस. त्या दिवशी उभी राह्यली. चार पोट्ट्या तिच्या आंगावर गेल्या अन् ती त्याइच्या मधातून निघून गेली. कशी निघाली ते मले सांगता येत नाई, मले खेळातलं कळत नाई. नुसतं एवढं कळलं, का त्या चार पोट्ट्या खेळून राह्यल्या होत्या, अन् ती त्याइले सांभाळून घेऊन राह्यली होती. दोन डाव ती मुद्दाम हळू झाली, लहान पोट्टीले बॉल भेटावा म्हनून. हे कडेले उभे होते. शिट्टी तोंडात, पन वाजवत नव्हते. त्याइचं तोंड पाहून मले कपड्याची घडी करनं सुधरेना. लई राग आला होता मले त्याइचा, अन् तरी वाटलं, या मानसाले कोनीतरी येळेवर धाडलं असतं तं बरं झालं असतं.

सकाळी मी कोनाले न सांगता सोजराबाईच्या वावरात गेली. ती मिरच्या तोडून राह्यली होती. काजल दुसऱ्या धुऱ्याले होती, तिच्यापर्यंत आवाज जात नव्हता.

"मावशी, काजलले जाऊ द्या."

सोजराबाईनं मिरच्यांचं टोपलं खाली ठेवलं. "काय बोलून राह्यली तू? कुंकू तुह्या सासूनं लावलं."

"कुंकू आमीच लावलं, वापस बी आमीच घेतो. तुमच्याकून मोडलं असं कोनी म्हननार नाई. मी सांगीन मामीले. शिव्या मले बसतीन."

"घरातून काढतीन तुले."

"काढू द्या. निंदाले कोन जाते मंग?"

तिले हसू आलं, पन ते लगेच गेलं. ती धुऱ्यावर बसली, मलेबी हातानं बसवलं. "सुचिता, तुले वाटते मी पोट्टीची दुश्मन हाय. मले नाई का वाटत तिनं जावं? तिच्या बापानं मोबाईलमंदी तिचा खेळ जिनिंगवर साऱ्याइले दाखवला. पन हे पाह्य." तिनं दोन्ही हात पुढं केले. मिरचीनं बोटं सुजले होते, एक आंगठा तं मुडपतच नव्हता. "यंदा पऱ्हाटी फुटली का येचाले कोन? तूर कापाले कोन? सावड होती म्हनून मी हे वांगे-मिरच्या जास्तीचे लावले. तुमी देलेल्या जबानीवर लावले. आता पोट्टी जाईन, तुमी बी जानार. म्हनून मी सोयरीक धरली. नाई तं मले काय घाई होती?"

तिचं खोटं नव्हतं काईच. मी धुऱ्यावरचं गवत उपटत बसली. मले माही बाजी दिसत होती, दुपारची सावली दिसत होती. घरी जाऊन गप बसली असती तं कोनी बोट बी दाखवलं नसतं मले. काजल तिकडं वाकून निंदत होती. एवढ्या उंच पोट्टीले वाकाले लई तरास होते, पाठीचं धनुष्य होऊन जाते.

"मी येतो," मी म्हनलं.

"कुठी येतो?"

"तुमच्याकडं. काजलच्या पातीवर. सावड बंद नाई करत मी."

"ती खेळाले इथं नसन तरी?"

"तरी."

"येचनीले बी?"

"हाव."

"तुह्या घरचे येऊ देतीन?"

"मी पाहून घेतो."

सोजराबाई माह्याकडं पाहत राह्यली. बाईमानूस हाय, तिले समजलं असन मी काय देऊन राह्यली ते. मले वाटलं ती म्हनन, राहू दे बाई, मी करतो कसं बी. खरं सांगतो, मी त्याचीच वाट पाहत होती. लई येळ वाट पाह्यली.

मंग तिनं धुऱ्यावरूनच आवाज देला, "काजल! खुरपं ठेव, घरी जाय. आंघोळ कर अन् बॅग भर."

काजल उठून उभी राह्यली. तिनं माह्याकडं पाह्यलं, मायकडं पाह्यलं, अन् खुरपं टाकून पळत सुटली. पऱ्हाटीतून पळाली, एक झाड तुडवलं नाई.

सोजराबाई उठली. पदर कमरेले खोसला. "तिची पात अर्धी राह्यली हाय," ती म्हने, "लाग. अन् मुळासकट काढ."